चौथ्या दिवसाचं घोरणं

धाकटा भाऊ घोरायला लागला तेव्हा, खरं सांगते, मला बरं वाटलं. तीन रात्री त्यानं कुणाच्याच डोळ्याला डोळा लागू दिला नव्हता. मी शिलाई मशीन बंद केलं, त्याच्या खोलीचं दार लोटलं आणि गिऱ्हाइकाच्या पडद्यांना हातानंच टाके घालत बसले. झोप बाबा, म्हटलं, एकदाचा झोप.

त्याचं व्यसन सोडवायचं औषध, मेथाडोन, सुरू होऊन आज चौथा दिवस. व्यसनमुक्ती केंद्रातल्या नर्सबाई रोज सकाळी समोर उभं करून पाजायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं होतं, "ताई, हे अंगातून फार सावकाश जातं. कालचं बरंचसं आत असतं, त्यावर आजचं पडतं. डोस तोच, पण चौथ्या-पाचव्या दिवशी साठा होतो. पुरत नाही म्हणाला तरी वरून काही देऊ नका." मी मान डोलावली. माझ्या मानेला काय, डोलायची सवयच आहे.

आज सकाळी केंद्रातून डोस पिऊन आला आणि रडायलाच लागला. "ताई, हाडं ठणकतायत गं." पस्तिशीचा घोडा, पण रडला की तिसरीतला होतो. मला नाही बघवलं. आईच्या झोपेच्या गोळ्यांतली एक दिली. एकच तर दिली!

दुपारी घोरणं मध्येच थांबलं. मी कान टवकारले. बराच वेळ काहीच नाही. मग घर्रर्र झालं, घशात काहीतरी अडकल्यासारखं. धावत आत गेले. ओठ निळसर. गदागदा हलवलं, थोबाडीत मारली, डोळे उघडेनात. केंद्राला फोन लावला.

फोनवर नर्सबाईंनी पहिलं हेच विचारलं, "वरून काही दिलंत?"

आई दारात उभी होती. नाही म्हणावंसं वाटलं. देवाशपथ, वाटलं.

"गोळी दिली," मी ओरडले. "आईची, झोपेची. मीच दिली!"

"कुशीवर वळवा. श्वासावर लक्ष ठेवा. ॲम्ब्युलन्स पाठवते."

ॲम्ब्युलन्स आली, तिच्यातल्या डॉक्टरीणबाईंनी उताऱ्याचं इंजेक्शन दिलं. दोन-तीन मिनिटांत धाकट्यानं डोळे उघडले, थरथरत उठला आणि आई-बहीण दोघी समोर असताना आईबहिणीवरून शिव्या द्यायला लागला. मला रडता रडता हसू फुटलं.

"इतक्यात हसू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "इंजेक्शनचा असर तासाभरात जाईल. औषध उद्यापर्यंत अंगात आहे. श्वास पुन्हा मंदावू शकतो."

ॲम्ब्युलन्समध्ये त्याच्या शिव्या हळूहळू कमी झाल्या. डोळे मिटायला लागले. मी त्याचा कान करकचून पिरगळला.

"अरे, थांबलास का? दे ना शिव्या! दे मला!"