सेटातला सहावा कप

आमी पाचजणी गायला लागलो की कोल्हारातली मानसं म्हनायची, "आवाज पाच, पन गळा एकच!" मी, मनकर्णा, आधी ओळ उचलायची, बाकीच्या मागनं झील धरायच्या. त्यातली वरची झील जयमालाची. ती बौद्धवाड्यातली. तिचा आवाज न्हाई लागला तर आमचं गानं म्हंजी अळणी आमटी.

तालुक्याच्या स्पर्धेत पयला नंबर आला आन् बक्षिसाला सहा कपबशांचा सेट मिळाला, निळ्या फुलांचा. पाचजणी आमी आन् सहावी माझी सासू. सराव आमच्याच ओसरीत व्हायचा, म्हनून सेट आमच्या फडताळात ऱ्हायला.

चहा कायम सासूच करायची. जयमाला चहाच्या वक्ताला उठून गोठ्याकडं जायची. मला वाटायचं, वाऱ्याला जाती. इतकी मी येडी!

मागल्या आठवड्यात सासू लेकीकडं गेल्ती. नगरचा कॅसेटवाला दुसऱ्या दिवशी गानी भरून न्यायला येनार, म्हनून आमी शेवटच्या सरावाला बसलो. चहा मीच टाकला. फडताळ उघडलं तर बशा सहा आन् कप पाच! माझं डोकं सटकलं.

"अगं बया, कप कुठं गेला? जयमाले, तुझ्या पोरीनं तर न्हाई न्हेला खेळायला?"

चौघी बसल्या हुत्या. तिचंच नाव तोंडात कसं आलं, देव जाने. देव कशाला, मलाच ठाव हाय.

जयमाला उठली. गोठ्यात गेली, कोनाड्यातला कप आनला आन् माझ्यापुढं ठिवला. निळ्या फुलांचाच. आत गवताची काडी पडली हुती.

"तुमच्या सासूबाईंनी माझा येगळा ठिवलाय, वैनी. आधी दांडी तुटलेला हुता. बक्षीस मिळाल्यापासून हा."

आमच्यातलीच गोजरबाई पदराचा काठ चाळवत बसली. म्हंजी तिला ठाव हुतं. सगळ्यांनाच ठाव हुतं. लाजंनं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तो कप विसळला, त्यात चहा वतला आन् सगळ्यांदेखत घटाघटा प्याले.

"उद्या सासूम्होरं ह्यातच पिईन. न्हाई पिले तर नावाची मनकर्णा न्हाई!"

जयमाला हसली. "उद्याचं उद्या बघू, वैनी. गानं चांगलं हू द्या."

दुसऱ्या दिवशी कॅसेटवाल्यानं ओसरीत मशीन मांडलं. जयमालानं अशी झील लावली की त्यो गडी मान डोलवाय लागला. गानं सपलं आन् सासू ट्रे घिऊन आली. सकाळच्या एष्टीनंच परत आल्ती. ट्रेमदी पाच कप, पाव्हन्याचा एक आन् आमचे चार. सहावा तिनं पुन्ना गोठ्यात न्हेऊन ठिवला हुता.

"घ्या गं पोरींनो," सासू म्हनली.

जयमाला माझ्याकडं बघत हुती. रागानं न्हाई, नुसती वाट बघत हुती. शब्द माझ्या व्हटापर्यंत आला हुता. पन सासूचा डोळा माझ्यावर, पाव्हना म्होरं बसलेला. काल एवढी तोऱ्यात बोललेली मी, आन् माझा हात ट्रेकडं गेला. मी कप उचलला. जयमाला उठली.

मशीन बंद करायचं ऱ्हाऊन गेल्तं.

काल नमुन्याची कॅसेट आली. शेजारपाजारच्या बाया ऐकायला जमल्या. गानं लई झ्याक आलंय, पाचजणींचा खरंच एक गळा वाटतो. मग कप वाजतात. सासू म्हनते, "घ्या गं पोरींनो." मग फरशीवर जोडवी वाजतात, गोठ्याच्या बाजूला लांब लांब जातात. माझा आवाज कुठंच न्हाई.

बाया म्हनतात, पुन्ना लाव. मी लावते. गानं सपत आलं की बटनापाशी जाऊन बसते.

"अगं मनकर्णे, बंद का केलं? पुढचं ऐकू दे की!"

"पुढं काय बी न्हाई," मी म्हनते.