जांभळं धान

माझी लेक गंधाली घरात कुजबुजते, घराबाहेर बोलत नाही. रायपूरच्या पुरानी बस्तीतल्या आधीच्या शाळेत वर्षभर तिच्या तोंडून एक शब्द निघाला नाही. म्हणून सातव्या वर्षी तिला अभनपूरच्या रस्त्यावरच्या या शाळेत घातलं. इथे मुलं अर्धा दिवस बाहेरच असतात. प्रत्येकाला खाटेएवढा भातशेतीचा तुकडा. पेरायचा, निंदायचा, कापायचा ज्याचा त्यानं.

"पोट्टीले शिकाले पाठवून राहिलो का चिखल तुडवाले?" तिचा बाबा, सौमित्र, म्हणाला होता. तो नव्या रायपूरच्या मंत्रालयात आहे; त्याच्या बुटाला चिखल लागत नाही.

आषाढात शांताबाईंचा फोन आला. मुलांना शेती त्याच शिकवतात.

"दीदी, आज बिटिया बोली. धान से बोली, पर बोली."

मी फोन ठेवला आणि ओट्याला टेकून रडले.

पोळ्याच्या आधीच्या शनिवारी पालकांना बोलावलं होतं. प्रत्येक मुलानं आपल्या तुकड्यापाशी उभं राहून त्याबद्दल चार वाक्यं सांगायची. जमलं नाही तर नको, असं शांताबाईंनी सांगून ठेवलं होतं. पण गंधालीला सांगायचं होतं. रोज संध्याकाळी ती न्हाणीत जायची, नळ सोडायची आणि पाण्याच्या आवाजाआड पाठ करायची. मी दाराला कान लावायचे.

"मले सांग ना, काय बोलणार आहेस?"

"अभी नहीं आई. उस दिन सुनना."

त्या दिवशी मुलं नाश्त्याला बसली होती, तेवढ्यात मी एकटीच शेताकडे गेले. बाकीचे तुकडे हिरवेगार होते. गंधालीचा मात्र डागाळलेला. हिरव्या रोपांत जागोजागी जांभळट, काळपट पानं.

माझं माहेर दर्यापूरकडचं, कपाशीचं. कपाशीच्या पानावर लाली चढली की बाबांचा चेहरा उतरायचा. लाल्या आला, म्हणायचे. धानातलं मला काही कळत नाही, पण रोग कळतो असं वाटलं. एवढ्या लोकांपुढे लेकरू रोगट धानापाशी उभं राहणार. कोणी हसलं तर? आत्ता कुठे तोंड उघडते आहे.

मी साडी खोचली आणि जांभळं रोप न् रोप उपटलं. पेंढी बांधून शाळेच्या बैलांपुढे टाकली. पोळा आला होता, त्यांनाही गोडधोड. तुकडा स्वच्छ दिसू लागला. मला बरं वाटलं.

मुलं आली. शांताबाई तुकड्यापाशी थबकल्या.

"ये किसने उखाड़ा?"

"मैंने," मी म्हणाले. "रोग था न."

त्यांनी वाकून उरलेल्या एका हिरव्या रोपाला हात लावला. मग हळूच म्हणाल्या, "दीदी, जामुनी वाला ही तो धान था. ये जो हरा बचा है, करगा है, जंगली धान. इस बार कुछ ज़्यादा ही उग आया था. हरे धान में मिल जाए तो पहचान में नहीं आता, इसीलिए बिटिया ने जामुनी बीज चुना था. अकेली उसी ने. आज सबके सामने करगा निकालके दिखाने वाली थी."

मी गोठ्याकडे धावले. बैल रवंथ करत होते. गव्हाणीत दोन पानं उरली होती, ती मुठीत घेऊन परत आले.

गंधालीनं तुकड्याकडे पाहिलं. मग माझ्या नखांतल्या चिखलाकडे. रडली नाही. काहून उपटलं, असंही विचारलं नाही. तिची पाळी आली तेव्हा ती जागेवर जाऊन उभी राहिली. सगळे थांबले. कोणीतरी चांगल्या मनानं टाळ्या वाजवल्या, तशी ती मान खाली घालून माझ्या नव्हे, शांताबाईंच्या मागे जाऊन उभी राहिली.

"अगले साल फिर बोएँगे," शांताबाई म्हणाल्या. तुकडा त्यांनी तसाच ठेवला आहे. करग्याला आता लोंब्या येताहेत. त्याचा दाणा पिकण्याआधीच गळतो म्हणे, हाती काही येत नाही.

घरातली कुजबुजही थांबली, त्याला तीन आठवडे झाले. सौमित्र ऑफिसातून येतो, तिच्यापुढे चॉकलेट धरतो, आणि कपडे बदलायला जातो. माझ्यावर तो रागावला असता तर बरं झालं असतं.

संध्याकाळी ती अजून न्हाणीत जाते. नळ सोडते. मी दाराला कान लावते. नुसतं पाणी वाहत असतं.