मार्लेनीची जागा

"तू ऐकलंस की नाही ऐकलंस, तेवढंच सांग," दोमितिला म्हणाली.

मार्लेनीने अदोबोचा वाडगा तिच्यापुढे सरकवला. "आधी खाऊन घे, ताई. गार झाला की वर चरबी धरते."

"मी खायला नाही आले."

"रविवारी सकाळी कुणाच्या घरी आलं की खाल्ल्याशिवाय उठायचं नसतं. एवढं तरी पाळ."

दोमितिलाने पाव मोडला, डुकराच्या त्या लाल रश्शात बुडवला आणि तसाच बोटांत धरून बसली. आरेकिपा शहर खाली राहिलं होतं. टेकडीच्या इतक्या वर नळ पोचले नव्हते, टँकर यायचा, म्हणून दारात निळी पिंपं मांडलेली. पिंपांशेजारी मार्लेनीची सासू फाउस्तिना बटाटे सोलत होती. तिचे हात बटाट्यावर होते आणि कान आत.

"ऐकलं," मार्लेनी शेवटी म्हणाली. "सगळ्यांनीच ऐकलं. साहेब जिन्यावरून ओरडले, 'दोमितिला, बघत काय उभी राहिलीस, धाव! म्हातारी पडलीय!'"

"मग तेच कोर्टात सांग."

"माझा करार जूनअखेर संपतो."

"दर तीन महिन्यांनी संपतो तो. दर तीन महिन्यांनी पुन्हा करतात."

"करतात, कारण मी तोंड मिटून असते."

मार्लेनी कामाला होती त्याच दुकानात दोमितिला तिकोनाने एकोणीस वर्षं चादरी आणि ब्लँकेटं विकली होती. नवरा गेला तेव्हा चौथ्या दिवशी ती काउंटरवर उभी होती. मागच्या नोव्हेंबरात एका सकाळी फरशी नुकतीच पुसलेली होती आणि 'ओली आहे' अशी पाटी कुणी ठेवली नव्हती. टॉवेल बघायला आलेली एक म्हातारी घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. मॅनेजर बुस्तिन्सा ओरडले म्हणून दोमितिला धावली. तिने स्वतःची शाल म्हातारीच्या डोक्याखाली दिली आणि गाडी येईपर्यंत तिचा हात हातात घेऊन खाली बसून राहिली. तेवढ्यात म्हातारीची मुलगी धापा टाकत आली. बुस्तिन्सांनी तोवर सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, बाईंना चक्कर आली असंच सांगायचं. मुलीने मात्र साहेबांना विचारलंच नाही. जी बाई खाली बसली होती तिला विचारलं, आई पडली कशी? दोमितिला म्हणाली, "फरशी ओली होती हो."

पुढच्याच आठवड्यात तिला काढलं. परवानगीशिवाय काउंटर सोडलं, दुकानाचा विश्वासघात केला, असं कारण. फरशीचा कुठे उल्लेख नव्हता.

"मार्लेनी, तुझ्याशिवाय कुणी नाही मला. आन्सेल्मो वॉचमन म्हणतो, मी दाराकडे तोंड करून होतो. बाकीच्या माझा फोनच उचलत नाहीत."

"मी तरी उचलते. घरात घेते. जेवायला वाढते."

"ते नकोय मला!"

मार्लेनी उठली आणि चुलीकडे पाठमोरी उभी राहिली. तेव्हा दोमितिलाच्या तोंडून ते निघालं. येताना सबंध चढ चढताना ती स्वतःला बजावत आली होती की हे बोलायचं नाही.

"नायेली पोटात होती तेव्हा तुझी खोकी कोण उचलत होतं? साहेबांना कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरी बसवली असती तुला. कळू दिलं मी?"

दारातला सुरीचा आवाज थांबला.

"हिशेब आलाय गं दाराशी," फाउस्तिना म्हणाली. "चहा ठेव, मार्लेनी. सावकाराला उपाशी पाठवू नये."

मार्लेनी वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर दोमितिलाला बरं वाटलं असतं.

"मला वाटलेलं, तू ते मायेनं केलंस," ती म्हणाली.

दोमितिलाने हातातला भिजलेला पाव वाडग्यात सोडला आणि खाली उतरून गेली.

सुनावणीच्या दिवशी कोर्टाच्या बाहेर दुकानाचा वकील स्वतःहून चालत आला. तरुण होता, हसरा होता. राजीनाम्यावर सही करा, दुकान चांगली रक्कम देईल, दोन्ही बाजूंनी विषय संपला. दोमितिलाचा वकील सेगारा याने तिला कोपऱ्यात घेतलं.

"घ्या, बाई. तुमची साक्षीदार आलेली नाही. येणारही नाही. आत त्यांच्या बाजूने मॅनेजर बोलेल, तुमच्या बाजूने तुम्ही. कुणाचं ऐकतील?"

"पैसे घेतले म्हणजे ते म्हणतात ते खरं झालं ना?"

"खरंखोटं काही होत नाही. पैसे मिळतात."

"उद्या दुसऱ्या दुकानात गेले आणि विचारलं, कशापायी काढलं? तर काय सांगू? विश्वासघातापायी? या वयाच्या बाईला एक तर कुणी घेत नाही, त्यात हा डाग. नको. मला माझी जागा पाहिजे."

सेगाराने घड्याळाकडे पाहिलं आणि खांदे उडवले.

आत बुस्तिन्सा नीट बोलले. सवयीने बोलले. आपण वर ऑफिसात होतो, कुणालाही हाक मारली नाही, दोमितिला बाई चांगल्या होत्या पण अलीकडे मनाने वागत होत्या, फार वाईट वाटतं. ते बोलत असताना दोमितिला त्यांच्या टायकडे बघत होती. बायको गेल्यापासून त्यांना टाय नीट बांधता येत नसे, आणि कितीदा तरी दुकान उघडायच्या आधी तिनेच तो सरळ करून दिला होता. आजही तो वाकडाच होता.

"तुमचे साक्षीदार?" न्यायाधीश बाईंनी विचारलं.

सेगारा उठला, घसा खाकरला, आणि त्याच वेळी दार लोटून मार्लेनी आत आली. तिला घाम आला होता. तिने दोमितिलाकडे पाहिलं नाही. नाव सांगितलं, शपथ घेतली आणि प्रश्नाची वाट न बघता बोलायला लागली, जणू थांबली असती तर पळून गेली असती.

"मी टॉवेलच्या काउंटरवर होते. म्हातारी माझ्यासमोर पडली. साहेब जिन्यावर होते, ऑफिसात नव्हते. ते ओरडले, 'दोमितिला, धाव!' नाव घेऊन ओरडले. म्हणून ताई गेली. फरशी ओली होती. पाटी नव्हती. पाटी साहेबांनी नंतर आणून ठेवायला लावली, म्हातारीला गाडीत घातल्यावर."

खोलीत कुणीतरी खुर्ची सरकवली. दुकानाचा वकील आता हसत नव्हता.

"या साक्षीबद्दल तुम्हाला काय कबूल केलंय?"

"मला कोण काय देणार, वकीलसाहेब?" मार्लेनी म्हणाली. "माझी जागा तर जायचीच आहे."

बाहेर जिन्यावर दोमितिलाने तिला गाठलं. तिने मार्लेनीचे दोन्ही हात धरले. हात गार होते.

"पोरी..."

"आता फिटलं ना, ताई?" मार्लेनीने हात सोडवून घेतले. "जाते. उशीर झाला तर तेवढंच निमित्त होईल त्यांना."

दोमितिला जिंकली. तिला त्याच दुकानात परत घ्यावं, असा निकाल झाला. दुकान वरच्या कोर्टात गेलं, आणि मधले कितीतरी महिने ती घरी उशांचे अभ्रे शिवत बसली. शेजारणी येऊन बसायच्या आणि म्हणायच्या, "कंपनीला झुकवलंस बाई तू!" ती मशीनचं चाक फिरवत राहायची.

जूनअखेर मार्लेनीचा करार संपला होता. पुन्हा झाला नाही. हे दोमितिलाला आन्सेल्मोने बाजारात कांदे निवडता निवडता सांगितलं, तिच्याकडे न बघता.

ती तशीच सेगाराकडे गेली.

"तिचीही केस करा. मी देते तुमची फी."

"कसली केस? तिला काढलेलं नाही. मुदत संपली."

"माझ्या बाजूने बोलली म्हणून संपली!"

"असेल. सिद्ध कोण करणार? आतलं कुणीतरी येऊन सांगायला हवं की मॅनेजर असं म्हणाला. कोण येईल?"

"मी येईन."

"तुम्ही तेव्हा तिथे नव्हता, बाई. तुम्हाला तर काढून टाकलेलं होतं." सेगारा वाईट माणूस नव्हता. त्याने पाण्याचा पेला तिच्यापुढे ठेवला. "तिचं काय झालं ते मनाला लावून घेऊ नका. अशी केस जिंकणारी शेकड्यात एखादीच असते."

आज जाऊ, उद्या जाऊ असं करत ती मार्लेनीकडे गेलीच नाही. एकदा टेकडीच्या पायथ्यापर्यंत गेली, पाव विकत घेतले, आणि ते घेऊन परत आली. तीन दिवस तेच पाव खात होती.

वरच्या कोर्टातही निकाल तोच राहिला. ती परत गेली त्या सकाळी कोर्टाचा एक कारकून बरोबर होता. बुस्तिन्सा दारापर्यंत सामोरे आले.

"या, दोमितिला बाई. आपलंच घर आहे."

कारकुनाने कागदावर सह्या घेतल्या आणि तो निघून गेला. तो रस्त्यापलीकडे दिसेनासा होईपर्यंत बुस्तिन्सा हसत उभे होते.

"चादरींवर आता दुसरी मुलगी आहे," मग ते म्हणाले. "तिला हलवणं बरं नाही. निकालात लिहिलंय त्याच पगारावर, त्याच हुद्द्यावर. काउंटर कुठलं ते लिहिलेलं नाही. तुम्ही टॉवेलवर उभ्या राहा. ती जागा रिकामीच आहे."

तिने टॉवेलकडे पाहिलं, मार्लेनीच्या काउंटरकडे.

"काही अडचण?"

"साहेब, तुम्ही जिन्यावर होता," ती म्हणाली.

"ते आता झालं, बाई. तुम्ही जिंकलात. जा कामाला."

टॉवेलच्या फळीखाली एका कोपऱ्यात केसांचा चाप अडकला होता, लहान मुलीचा, पिवळ्या फुलाचा. तिने तो काढला नाही. आजूबाजूच्या बायका तिला नमस्कार करत, आणि मग लगेच कुठल्यातरी कामाला लागत. जेवायच्या सुट्टीत ती टेबलावर आली की दोघीतिघींचं खाणं अचानक संपत असे. तिला त्यांचा राग येत नव्हता. तीही एकोणीस वर्षं त्याच टेबलावर बसली होती, आणि ज्यांना काढलं त्यांची नावं तिलाही आठवत नव्हती.

एका दुपारी आन्सेल्मो टॉवेल चाचपत तिच्याजवळ उभा राहिला.

"कॅमेरा आहे, माझ्याकडे बघू नको. मार्लेनी गेली. सीमेपलीकडे, आरिकाला. कुणाच्यातरी म्हाताऱ्या आईला सांभाळायचं काम मिळालंय. पोरगी इथेच आहे, आजीपाशी."

"कधी गेली?"

"झाला महिना. हा हिरवा केवढ्याला?" त्याने मोठ्याने विचारलं आणि तो दाराकडे गेला.

शनिवारी दुकान लवकर सुटलं, तेव्हा ती कपडे बदलायला थांबली नाही. थांबली असती तर पाय पुन्हा मागे फिरले असते. पायथ्याशी तिने साखर, शेवया, दुधाचे डबे घेतले आणि चढ चढू लागली. ऊन होतं पण वारा बोचरा होता. तिच्या अंगावर दुकानाचा निळा झगा होता, छातीवर दुकानाचं नाव असलेला. काम सुटल्यावर याच वेळी, याच पायऱ्यांनी मार्लेनीही असाच झगा घालून घरी येत असे.

वरच्या पायरीवर नायेली बाटल्यांची झाकणं मांडून खेळत होती. तिने मान वर केली. झाकणं पायाने उधळून ती उठली आणि दोन्ही हात पसरून धडधडत खाली आली. चेहरा दिसण्याइतकी जवळ आली तेव्हा थांबली. हात तसेच राहिले थोडा वेळ, मग हळूहळू खाली आले.

दारात फाउस्तिना येऊन उभी राहिली होती.

दोमितिलाने पिशवी पायरीवर ठेवली. झग्याची बटणं सोडली, झगा अंगातून काढला, नाव आत जाईल अशी घडी घातली आणि शेवयांच्या खाली, पिशवीच्या तळाशी दाबला. वाऱ्याने तिच्या पातळ सदऱ्याच्या बाह्या फडफडत होत्या.

नायेली अजून त्या पिशवीकडेच बघत होती.