सावडीची माणसं

"ठेवा ते! ठेवा म्हणते ना खाली!" म्हातारीने चष्मेवालीच्या हातातला भुईमुगाचा वेल असा हिसकावला की चार शेंगा तुटून पायाशी पडल्या. "पाहुण्यांच्या हाताला माती? उद्या गाव माझ्या तोंडात शेण घालेल!"

झालं! शहरातून आलेली सगळी माणसं पुन्हा झाडाखालच्या खुर्च्यांवर. पुन्हा चहा. एका टकल्या साहेबाने बिचाऱ्याने नको म्हणून कपावर हात धरला, तर म्हातारीने तो हात बाजूला सारून कप काठोकाठ भरला. आता चहात पोहायचं तेवढं बाकी राहिलं होतं.

थोरली सून बांधावर उभी राहून हे बघत होती. हा सगळा खटाटोप तिचाच. शेतावर चार दिवस राहा, आमच्याबरोबर कामाला या, आम्ही खातो ते खा, जाताना चार पैसे द्या, असं तिने शहरात कळवलं होतं. आळीतल्या बायाही हुरूपाने पुढे झाल्या होत्या. शेजारच्या शिंपिणीने स्वतः ओसरीवर झोपून पाहुण्यांना खोली दिली. कुंभारीण चाक दाखवणार होती. जमलं तर आळीतलं प्रत्येक घर आपल्या पायावर उभं राहणार होतं.

आणि नाही जमलं तर? तर वीटभट्टीवाला टपून बसला होताच. त्याला या शेताची काळी माती हवी होती, पुरुषभर खोल. माती गेली की मागे राहतो खड्डा, आणि खड्ड्यात बेडकांशिवाय काही पिकत नाही. पण धाकट्या दिराला ते कोण सांगणार? "वहिनी, चिखलात हात घालायला शहरातून माणसं येतात होय? डोकं फिरलंय तुमचं," असं तो रोज ऐकवायचा.

शेत म्हातारीच्या नावावर. तिने दोघांचं ऐकून घेतलं आणि निकाल दिला, "पाहुणे खुशीत गेले तर शेत राहील. तोंड वाकडं करून गेले तर संध्याकाळी भट्टीवाल्याला शब्द देऊन मोकळी होईन." आणि मग तीच बया पाहुण्यांना खूश करायला अशी कंबर कसून उभी राहिली की त्यांना जागचं हलू देईना!

चष्मेवाली या पाहुण्यांची म्होरकी. ती हळूच बांधावर आली. "ताई, रागावू नका. आम्ही जेवून निघतो."

"अहो, पण का?"

"आई जीव टाकतात आमच्यावर. पण खुर्च्या आमच्या घरीही आहेत हो."

तेवढ्यात वारा पडला. थोरलीने वर पाहिलं तर मावळतीकडून आभाळ काळंठिक्कर होऊन वर चढत होतं. आणि खाली, अर्ध्या रानात उपटलेला भुईमूग उघड्यावर वाळत पडलेला. भिजला की शेंग काळी पडणार, दाण्याला कोंब फुटणार. वर्षाची मेहनत मातीत.

"गडी कुठे गेले?" ती ओरडली.

"तुझ्या दिराने नेले भट्टीवर, सकाळीच," शिंपिणीने कुंपणापलीकडून सांगितलं.

थोरलीच्या डोक्यात तिडीक गेली. ती धावत झाडाखाली आली. "आत्याबाई, सगळ्यांना उठू द्या! शेंग गोळा करायची आहे."

"मी आहे, तू आहेस. पाहुणे बसतील."

"अहो, पाऊस डोक्यावर आलाय!"

"आभाळ कोसळलं तरी पाहुणा कामाला लागणार नाही माझ्या दारात!"

आता काय करावं? आणि थोरलीच्या तोंडून निघून गेलं, "आत्याबाई, हे पाहुणे नाहीतच. हे सावडीला आलेत."

म्हातारी जागच्या जागी थांबली. सावड म्हणजे आज तुम्ही सगळे माझ्या रानात राबा, उद्या मी तुमच्या रानात राबते. आळीची रीत पिढ्यान्‌पिढ्यांची. पाहुण्याला काम सांगणं हा जेवढा गुन्हा, तेवढाच सावडीला आलेल्याला 'बसा' म्हणणं हाही गुन्हा.

"खरं?" तिने मागोमाग येऊन खुर्चीवर टेकलेल्या चष्मेवालीला विचारलं. चष्मेवालीला ओ की ठो कळलं नव्हतं, पण थोरलीचा चेहरा बघून तिने मान हलवली.

"मग बसलीस काय अशी?" म्हातारी कडाडली. "ऊठ! अगं, वेल आधी झटक! टकल्या, तू घमेली ने!"

सकाळपासून अहो-जाहो करणारी म्हातारी एका दमात अगं-अरेवर आली, आणि ती माणसं सुटल्या वासरांसारखी रानात पळाली. शिंपीण आली, कुंभारीण आली. टकल्या साहेब घसरून मातीत बसला, तोंडभर हसला आणि पुन्हा घमेलं घेऊन पळाला. शेवटची पाटी गोठ्यात टेकली आणि धो धो पाऊस सुरू झाला.

गोठ्यात सगळे धापा टाकत उभे. म्हातारी मात्र गंभीर. "सावड चढली माझ्यावर," ती चष्मेवालीला म्हणाली. "तुझ्याकडे कधी येऊ फेडायला? काय काम निघतं तुमच्यात?"

"आमच्याकडे कुठलं शेत, आई? दोन कुंड्या आहेत. त्यातलंही एक झाड वाळलंय."

"मग कुंड्या खुरपून देते." सगळे हसले, पण म्हातारी हसत नव्हती.

चष्मेवालीही हसायची थांबली. "त्यापेक्षा पेरणीला बोलवा आम्हाला. पेरायला शिकवा. फिटली सावड."

"शब्द?"

"शब्द."

एवढ्यात फटफटी वाजली. भट्टीवाला आणि धाकटा, दोघेही चिंब, गोठ्यात शिरले. धाकट्याने चिखलाने माखलेली माणसं पाहिली आणि त्याला जोर चढला. "आई, बघ! पाहुण्यांना खूश करायचं ठरलं होतं ना? वहिनीने चिखलात लोळवलं त्यांना!"

"पाहुणे कुठले? सावडीची माणसं आहेत."

"मग पाहुणे आलेच नाहीत, तर खुशीत जाणार कोण? वहिनी हरली! दे शब्द यांना."

थोरलीला वाटलं, आपल्याच शब्दात आपण अडकलो की काय? भट्टीवाला पुढे सरकला. "काय मावशी, माती उचलायला कधी येऊ?"

म्हातारीने पदराने तोंड पुसलं. "यायचं नाही. पेरणीला ही माणसं यायची आहेत, शब्द गेलाय माझा. त्यांना काय खड्ड्यात पेरायला लावू?"

"अगं, पण आई..."

"आणि तू रे," ती धाकट्याकडे वळली, "पाहुण्यासारखा उभा काय राहिलास? घमेलं उचल!"