शुद्ध जातीची पाटी

मी फाटकावरची पाटी बोलतेय. हो, तीच, 'कुत्र्यापासून सावध राहा'. येता-जाता तुम्ही मला बघितलं असेल, पण वाचलं नसेल. लोक चित्र बघतात आणि चालू लागतात. आज जरा थांबा. मला जमेल तसं सांगते.

मी मूळची तेलाच्या डब्याचा पत्रा. डबा रिकामा झाला, कोणीतरी तो कापला, ठोकून सपाट केला, आणि मी पेंटरच्या दुकानात येऊन पडले. पेंटर म्हणजे दुकानांची नावं रंगवणारा साधा माणूस. बोलायचा कमी, पण एका बाबतीत भारी हट्टी. जे समोर दिसेल तेच काढायचा. फळवाल्याच्या गाडीवर केळी काढायची, तर समोर खरी केळी ठेवायचा, आणि त्यातलं एक काळं पडलेलं असेल तर चित्रातही ते काळंच यायचं. फळवाला कुरकुरायचा. पेंटर म्हणायचा, "आहे ते आहे."

त्याच्याकडे एक दिवस पाणीपुरवठा कचेरीतले हेडक्लार्क आले. त्यांना फाटकासाठी पाटी हवी होती. कुत्रा कसला काढू, असं पेंटरने विचारलं, तेव्हा ते म्हणाले, भीती वाटेल असा काढा.

आता भीती वाटेल असा कुत्रा समोर बसून चित्र काढू देत नाही. पेंटरने दाराकडे बघितलं. त्याच्या पायरीवर एक तांबूस कुत्री कायम पडलेली असायची. तिचा एक कान उभा, दुसरा मोडलेला. कधीकाळी हातगाडीखाली सापडल्यामुळे मागचा डावा पाय नेहमी अर्धवट उचललेला. एका डोळ्यावर निळसर पडदा. पेंटरने तिला उभं केलं आणि कामाला लागला. कान तसे, पाय तसा, एक डोळा काळा आणि एक निळा. उभं राहून कंटाळलेल्या कुत्रीने मध्येच मोठी जांभई दिली. तीही त्याने काढली. माझ्यावर जे भयंकर दात दिसतात ना, ती जांभई आहे.

हेडक्लार्क खूश होऊन मला घरी घेऊन गेले. फाटकाला खिळे ठोकले. घरात कुत्रा नव्हता. पाटी आहे म्हटल्यावर कुत्रा कशाला, असा त्यांचा हिशेब. बेल वाजली की ते मोबाइलवर भुंकण्याचा आवाज लावायचे आणि मग दार उघडून म्हणायचे, "मागे बांधलाय, घाबरू नका."

असं दोन वर्षं चाललं.

फाटकाच्या अगदी समोर आबांच्या खोलीची खिडकी. आबा म्हणजे हेडक्लार्कचे वडील. जन्मभर त्यांनी विजेचे मीटर वाचले. घराघरांत जायचं, आकडे टिपायचे, निघायचं. त्या नोकरीत त्यांना मिळालेली सगळी बक्षिसं त्यांच्या पोटऱ्यांवर होती. उन्हाळ्यात ते लुंगी गुडघ्यापर्यंत घेऊन खिडकीत बसायचे, तेव्हा मला ते वण दिसायचे. कोणता वण कोणत्या जातीचा, ते आबांना पाठ होतं.

मला लावलं त्या दिवशी ते बराच वेळ माझ्याकडे बघत होते. मग हसून म्हणाले, "पाटी लावलेल्या घरात कुत्रा नसतो. ज्याच्याकडे असतो, तो पाटी लावत नाही."

घरात त्यांचं बोलणं ऐकायला कोणी नसायचं, म्हणून ते माझ्याशी बोलत. एकदा म्हणाले, दारात गेलं की मी एकच प्रश्न विचारायचो, चावतो का? उभ्या नोकरीत कोणी सरळ उत्तर दिलं नाही. कोणी म्हणायचं, परदेशी आहे. कोणी म्हणायचं, याच्या आजोबांना तीन पदकं आहेत. एका बाईंनी तर कुत्र्याच्या सात पिढ्या सांगितल्या, आणि त्या सांगत असताना आठवी पिढी आबांच्या पोटरीला लटकलेली होती.

आबांच्या खोलीत घरातला एकुलता एक एसी होता. आजी शेवटच्या आजारपणात होती तेव्हा तिच्यासाठी बसवलेला. आजी गेली, एसी राहिला. आबा तो क्वचितच लावत, पण त्या खोलीत झोपत. पलंगाची आजीची बाजू अजून रिकामी ठेवत.

आणि मग साहेबांनी घात केला.

साहेब म्हणजे हेडक्लार्कच्या कचेरीचे मोठे अधिकारी. कुत्र्यांच्या बाबतीत आपल्याइतकं कोणाला कळत नाही अशी त्यांची खात्री होती. एकदा गाडीतून जाताना त्यांनी मला बघितलं आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत हेडक्लार्कना बोलावून सांगितलं, अशी जात मी कुठं बघितली नाही, येत्या रविवारी सकाळी तुमचा कुत्रा बघायला येतो.

हेडक्लार्क घरी आले ते घामाघूम होऊन. आता कुत्रा आणायलाच हवा होता, आणि तोही चित्रातल्यासारखा.

त्या संध्याकाळी घरातले तिघं फाटकाशी उभं राहून मला न्याहाळत होते. मला वाटलं, आता तरी हे नीट बघतील. पण प्रत्येकाने आपल्याला हवं तेच बघितलं.

हेडक्लार्कना माझ्यावर रुंद जबड्याचा, ठेंगणा, चिडका कुत्रा दिसला. कचेरीत त्यांना कोणी घाबरत नाही, हे मला त्यांच्या फोनवरच्या बोलण्यावरून ठाऊक होतं. आपल्याऐवजी दुसऱ्या कोणीतरी गुरगुरावं अशी त्यांची फार इच्छा होती.

त्यांच्या बायकोचं पुढच्या खोलीत ब्यूटी पार्लर होतं. त्यांना माझ्यावर लहानसा, पांढरा, केसाळ कुत्रा दिसला. तो कुठे दिसला ते विचारू नका. पार्लरचा सोफा नुकताच पांढरा करून घेतला होता. बायका कुत्र्याला मांडीवर घेऊन फोटो काढतील आणि मागे पार्लरचं नाव येईल, असं त्या म्हणाल्या.

मुलगी कॉलेजात होती. तिने बोट नेऊन माझ्या निळ्या डोळ्यावर ठेवलं. "हा बर्फातला कुत्रा आहे. बर्फात गाडी ओढतात ते. फोनवर बघा." तिच्या तीन मैत्रिणींना तसा कुत्रा हवा होता आणि चौथीकडे तो आलेला होता. म्हणजे आता गप्प बसणं शक्यच नव्हतं.

दोन दिवस वाद झाला. शेवटी निळा डोळा जिंकला, कारण तो पुरावा होता. साहेब नेमका डोळाच बघणार, असं मुलीने वडिलांना पटवलं. कुत्रेवाल्याला फोन गेला. कुत्रेवाला म्हणाला, देतो, पण एक अट. या जातीला उकाडा सोसत नाही. चोवीस तास एसी लागेल.

मग सगळ्यांची तोंडं आबांच्या खोलीकडे वळली.

घरच्यांना वाईट वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. हेडक्लार्क दारात उभे राहून बराच वेळ पाय बदलत होते. सूनबाईंनी आधी चहा दिला आणि मग विषय काढला. गच्चीवरची खोली किती हवेशीर आहे, जिना चढणं गुडघ्यांना किती चांगलं, हे सांगितलं. आबांनी कप खाली ठेवला. "चावतो का तो?" त्यांनी विचारलं.

"आबा, तो खूप उंची जातीचा आहे," नात म्हणाली.

शनिवारी सकाळी खोली रिकामी करायला माणूस येणार, असं ठरलं.

शुक्रवारी आबा हातोडी घेऊन फाटकाशी आले. सूनबाईंनी विचारलं तर म्हणाले, पाटीचा रंग उडालाय, साहेब येणार, रंगवून आणतो. त्यांनी माझे खिळे उपटले आणि मला काखेत मारून निघाले. आजी गेल्यापासून ते कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे गेले नव्हते. वाटेत तीनदा टेकले. तिसऱ्यांदा टेकले तेव्हा त्यांनी मला खरं कारण सांगितलं. पेंटरकडून दोन्ही डोळे काळे करून घ्यायचे. डोळा काळा झाला की बर्फातला कुत्रा बाद, आणि कुत्रा बाद झाला की खोली वाचली.

पेंटरने ऐकून घेतलं आणि मान हलवली. "नाही जमणार."

"का? काळा रंग संपलाय?"

"रंग आहे. पण तिचा डोळा निळा आहे. मी काळा कसा काढू?"

"कोणाचा डोळा?"

पेंटरने ब्रशने पायरीकडे दाखवलं. आबांनी मला तिच्याशेजारी टेकवून उभं केलं. एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. मोडका कान, उचललेला पाय, निळसर डोळा. तेवढ्यात तिने जांभई दिली. आबा सवयीने दोन पावलं मागे सरले. ती लंगडत पुढे आली, त्यांच्या पोटऱ्या हुंगल्या, जुने वण एकेक करून तपासले आणि त्यांच्या चपलेवर हनुवटी ठेवून पडून राहिली.

आबा किती तरी वेळ तसेच उभे होते. पाय काढून घेतला तर तिची झोप मोडेल म्हणून.

परतताना मी एका काखेत होते आणि ती मागून चालत होती. तिला कोणी बोलावलं नव्हतं.

हेडक्लार्कनी तिला बघून कपाळावर हात मारला. पण त्याच दुपारी कुत्रेवाल्याचा फोन आला की कुत्रा सोमवारशिवाय मिळणार नाही. साहेब रविवारी सकाळी येणार. मग काय, एका दिवसापुरती ती चालेल असं ठरलं. खोली रिकामी करणाऱ्या माणसालाही सोमवारचं सांगितलं. पार्लरमध्ये नेऊन तिला गिऱ्हाइकांच्या शॅम्पूने अंघोळ घातली. ती पांढऱ्या सोफ्यावर अंग झाडून आली.

रविवारी साहेब आले. कुत्री आबांच्या खोलीत पलंगाच्या रिकाम्या बाजूवर झोपली होती. हेडक्लार्क माफी मागायच्या तयारीत तोंड उघडणार, इतक्यात साहेबांनी हात वर केला. "सांगू नका. मी ओळखतो."

त्यांनी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, मग बाहेर येऊन मला बघितलं, पुन्हा आत गेले. एक डोळा निळा, ही शुद्धतेची खूण असते म्हणाले. कान असा मोडलेला असायलाच हवा, दोन्ही उभे असले की भेसळ समजायची. आणि मागचा पाय बघा, ही जात डोंगरउतारावरची, तो पाय उचललेलाच असतो. पेंटरला किती बारकाईने माहिती आहे बघा, असं म्हणून त्यांनी माझा फोटो काढला.

हेडक्लार्क नुसते "हो साहेब" म्हणत राहिले. पाचव्या 'हो साहेब'ला त्यांना स्वतःलाही ते पटलं असावं, कारण त्यांची मान ताठ झाली.

"आणि ही एकाच माणसाची होते," साहेब आबांकडे बघत म्हणाले. "त्याची जागा हलवली तर जेवण सोडते. यांना इथून हलवू नका."

आबा खिडकीतून माझ्याकडे बघत होते. ते हसले नाहीत, पण एसी लावून आले. मला वाटतं, आजीनंतर पहिल्यांदाच त्यांनी तो कोणासाठी तरी लावला. सोमवारी कुत्रेवाल्याला नाही म्हणून कळवलं.

साहेबांनी तो फोटो सगळ्यांना दाखवला आणि माझे दिवस पालटले. लोक फाटकाशी येऊन टेपने माझं चित्र मोजू लागले. ज्या गल्लीत लंगड्या कुत्र्याला दगड बसायचा, तिथे त्याला दूध मिळू लागलं. साहेबांना शोधूनही तसा कुत्रा सापडेना. चार धड पायांचे मिळत, ते भेसळीचे म्हणून परत जात. पेंटरकडे नऊ पाट्यांची मागणी आली, सगळ्या माझ्यासारख्याच. त्याने नऊ वेळा सांगून बघितलं की ही माझ्या पायरीवरची कुत्री आहे. लोकांना वाटलं, माणूस माहिती लपवतोय.

एकदा आबा तिला जनावरांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर म्हणाल्या, पायाचं आता काही होणार नाही, पण डोळ्यात मोतीबिंदू आहे, काढला तर दिसायला लागेल. आबा आनंदाने घरी आले. हेडक्लार्क मात्र दचकले. "डोळा काळा झाला तर जात काय राहिली? साहेबांना काय सांगू?" त्यांनी सक्त मनाई केली.

आबांनी वाद घातला नाही. दोन दिवसांनी तिला घेऊन फिरायला म्हणून गेले आणि आले ते तिच्या डोळ्याला पट्टी बांधून. पट्टी सुटली तेव्हा ती फाटकाशी आली आणि तिने मला दोन्ही डोळ्यांनी बघितलं. कधी नव्हे ती माझ्यावर भुंकली.

आबांनी मला पुन्हा काखेत घेतलं. पेंटरने तिच्याकडे नीट बघितलं, काळ्या रंगाचा डबा उघडला आणि म्हणाला, "आता काढतो. आता खरं आहे."

साहेब कधीतरी येणारच होते, ते आले. दोन काळे डोळे बघून थबकले. हेडक्लार्क भिंतीला टेकले. आबा पुढे सरकून तिच्या आणि साहेबांच्या मध्ये उभे राहिले. साहेबांनी कुत्रीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि समाधानाने मान डोलावली.

"वयात आली की या जातीचा डोळा काळा होतो," ते म्हणाले. "जो होत नाही, तो शुद्ध नाही."

तेव्हापासून पाट्या मागवणाऱ्या त्या नऊ घरांतली माणसं आपापल्या कुत्र्याचा डोळा काळा व्हायची वाट बघत बसली आहेत.

आता मी गंजलेय. एक खिळा निसटलाय, वारा आला की मी तिरकी होते. अक्षरं पुसट झाली आहेत, चित्र तेवढं ठसठशीत आहे. रोज सकाळी आबा आणि ती माझ्याखालून फिरायला जातात. दोघंही सावकाश. कोपऱ्यावरच्या दुकानाच्या खूप पुढे जाऊन येतात.

परवाची गोष्ट सांगते आणि थांबते. मीटर वाचायला एक नवीन बाई आल्या. खांद्याला पिशवी, हातात यंत्र. फाटकाबाहेर उभं राहून त्यांनी मला वरपासून खालपर्यंत वाचलं. चित्राकडे बोट केलं नाही, जात विचारली नाही. खिडकीतल्या आबांना हाक मारून म्हणाल्या, "काका, चावतो का?"

आबा स्वतः उठून बाहेर आले, फाटक उघडलं आणि म्हणाले, "नाही हो. या ना आत."

तुम्हीही कधी कुठल्या दारात थांबलात, तर एवढंच विचारत जा.