नाडी थांबवणारा बाबा

लातुरात कोचिंग क्लासच्या पाट्यांमध्ये नाडीबाबाचीही पाटी झळकली. क्लासवाले डॉक्टर घडवायचे, बाबा ते मोडीत काढायचा. मधुमेह असलेल्या मुलांसाठी त्यानं भरवलेल्या शिबिरात, मंगल कार्यालयात, पाय ठेवायला जागा नव्हती.

"बाळांच्या रक्तातली साखर मी माझ्या काळजात ओढतो! मग काळीज थांबतं. या, बघा नाडी!"

लोक मनगट धरायचे. नाडी खरोखर गायब! काळीज थांबलेला माणूस भाषण कसं ठोकतो, हे मात्र कुणालाच खटकत नव्हतं.

पुढेच डाळीचे व्यापारी मलप्पा लेकीला, मंजुश्रीला, कुशीत घेऊन बसले होते. तिच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नसे. रोज टोचावं लागे. "सुयांनी काळीज खचतं," असं बाबानं सांगितलं आणि मलप्पांनी सुया बंद केल्या. आता पोर ओकत होती, धापा टाकत होती, छाती धडधडत होती.

"दैवी शक्ती शिरली!" बाबा म्हणाला.

आई नागम्माला ती शक्ती पटेना. तिनं मंजुश्रीच्या डॉक्टर सालेहाबाईंना फोन केला. त्या धावतच आल्या.

"मलप्पा, उचला हिला. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात!"

"खबरदार!" बाबा गरजला. "माझी नाडी बंद हाय. विधी मोडला तर पोर दगावंल!"

मलप्पा हलेनात. "मॅडम, माझ्या लेकीसाठी त्यांनी काळीज थांबवलंय."

सालेहाबाईंनी स्टेथोस्कोप मलप्पांच्या कानात घातला, टोक बाबाच्या छातीवर टेकवलं. "ऐका."

मलप्पांचे डोळे विस्फारले. "हे तर लई जोरात चालू हाय!"

"भ्यालंय ते," नागम्मा म्हणाली आणि तिनं बाबाचा हात खस्सकन वर ओढला. काखेतून रबरी चेंडू टणकन खाली पडला.

"चेंडू दाबला की हाताकडं जाणारं रक्त अडतं, मनगटात नाडी लागत नाही. हृदय चालूच असतं," सालेहाबाई म्हणाल्या. "चला आता!"

मलप्पा लेकीला उचलून रिक्षाकडे पळाले. मागे एक भक्त म्हणत होता, "चेंडू सिद्ध केलेला असंल."

दवाखान्यात सलाईन, इन्सुलिन सुरू झालं. अंगातलं पाणी आटलं होतं, इन्सुलिनवाचून रक्तात आम्ल साचलं होतं. म्हणून ते छोटं हृदय जिवाच्या आकांतानं धावत होतं. सकाळी ठोके शांत झाले.

"अप्पा, आता सुई देशील ना?" मंजुश्रीनं विचारलं. मलप्पांनी होकारार्थी मान हलवली आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

लोकहो, सुई टोचते, खरं आहे. पण या मुलांचं हृदय सुईनं खचत नाही. बेलगाम साखरेनं खचतं. बाबाला विचारा, डॉक्टरलाही विचारा : कशावरून? या प्रश्नावर जो चिडतो, त्याच्या हाती आपलं लेकरू देऊ नका.