चौकातली आग

पूर्वाची नोकरी टिकणार की नाही, ते त्या शुक्रवारी एका मंत्रावर ठरणार होतं. विजय नगरातली ती छोटी कंपनी जादूचा एक गेम बनवत होती. त्यातल्या बर्फाळ गावात पाऊल टाकलं की खेळाडूला पहिला मंत्र मिळे तो चूल पेटवायचा. काम किरकोळच, उमेदवारीवरच्या पोरीच्या हाती दुसरं काय देणार? पण हातचं राखून काही करायचं तिच्या रक्तातच नव्हतं, आणि घरी तिचे वडील जयसिंगराव देव पाण्यात घालून बसले होते.

चाचणीसाठी कॉलेजची मुलंमुली आली, आपापल्या स्क्रीनसमोर बसली. खेळातलं गाव सगळ्यांचं एकच, घर आणि चूल मात्र ज्याची त्याची. पाचच मिनिटांत प्रियंका नावाची मुलगी वैतागली. चुलीपुढे मंत्र टाकून टाकून तिची बोटं दुखली, पण लाकूड काही पेटेना.

पूर्वाचा साहेब विक्रम पुण्याहून आलेला, पण इथल्या रीतीने तोही सगळ्यांचा 'भिया', म्हणजे भैया. तो तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. "स्पेल चालत का नाहीये?"

"चालतो ना, भिया! पण पहले गावच्या चौकातून विस्तव तर आणू द्या तिला."

"चौकातून? का म्हणून?"

पूर्वाला प्रश्नच कळेना. मल्हारगंजातल्या त्यांच्या गल्लीची होळी कधी काडीने पेटलीच नव्हती. राजवाड्यासमोर संस्थानाच्या काळापासूनची सरकारी होळी पेटायची, तिथला विस्तव जयसिंगराव घमेल्यात घेऊन यायचे, आणि मग गल्लीची होळी. घरचा गॅस ती लायटरनेच लावी म्हणा. पण मंत्राची आग म्हटल्यावर ती कुणाकडून तरी आणायची, हे तिने इतकं गृहीत धरलं की खेळाडूंना सांगायचंच राहून गेलं.

"लोकांनी काय गारठून मरायचं?" विक्रम म्हणाला. "ती अट काढ. आत्ताच्या आत्ता."

अट काढणं एका ओळीचं काम. पूर्वाने ती ओळ उघडली. तिकडे प्रियंकाने हेडफोन काढून बॅग खांद्याला लावलीसुद्धा.

तेवढ्यात मानस नावाच्या मुलाला चौकातली आग सापडली. तळहातावर ज्योत घेऊन तो निघाला, आणि पुलावरच्या वाऱ्याने ती विझली. पठ्ठ्या परत गेला. या खेपेला दुसरा एक खेळाडू आपणहून वाऱ्याच्या बाजूला आडोसा धरून चालू लागला. एकमेकांचं नावही ठाऊक नसलेली ती मुलं खोलीच्या दोन टोकांवरून ओरडू लागली.

"भिया, इकडून चल! हवा उधर से आ रही है!"

"अबे, सांभाळ!"

"मला पण दे ना थोडीशी!"

एकेक चूल पेटत गेली. विक्रम पूर्वाला हळूच म्हणाला, "थांब. काढू नकोस."

गावाच्या टोकाला एकच घर अंधारात उरलं. सगळे मधे ज्योत धरून, कडं करून तिथे पोचले. दार आतून बंद. मानसने मागे वळून विचारलं, "हे लास्टवालं घर कोणाचं आहे?"

खोलीच्या दारापर्यंत गेलेली प्रियंका थबकली. "माझं," ती म्हणाली. बॅग तिथेच टाकून ती धावत येऊन बसली. "रुको, रुको, उघडते!"

पूर्वा हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळत नव्हतं. नोकरी पक्की झाल्याचं विक्रमने दोनदा सांगितलं, तेव्हा कुठे ते तिच्या डोक्यात शिरलं.